ऊन कोणी अडवले?

जानेवारीतला रविवार होता. जुन्या जालन्यातल्या एका वस्तीत विहारातली वंदना आटोपली, लेकरांच्या हाती खिरीचे द्रोण पडले आणि माणसे आपापल्या घराकडे पांगली. विहाराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ टेकून तीन म्हाताऱ्या मात्र बसून राहिल्या. वेळ बाराची. अंगणात ऊन असलेला पट्टा तेवढाच, आणि त्यातलाही निम्मा मोटारसायकलींनी अडवलेला. उरलेल्या जागेत या तिघी पाय पसरून, बाह्या वर करून बसल्या होत्या.

त्यातली एक आजी दारात उभ्या असलेल्या सुनेला म्हणाली, "ये की गं उनात. अंग मोकळं होतंय."

"नको आत्याबाई. उनात बसलं की काळं पडतंय माणूस. अन् पोरीला तर नकोच."

सून अठ्ठावीस वर्षांची. बारावी शिकलेली. पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीन टाकून फॉल-पिको करते. सात वर्षे झाली, सकाळी नळाचे पाणी भरून झाले की ती मशीनवर बसते ती दिवे लागेपर्यंत. पायरीवर टेकलेली ती बाई उठली तेव्हा मी पाहिले. आधी तिने जमिनीवर हात टेकले, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, आणि अशी स्वतःच्याच अंगावरून चढत चढत ती उभी राहिली. शेजारी सासू भिंतीचा आधार न घेता उठली. सासूचे वय सत्तरच्या पुढे.

या बाईची कंबर आणि मांड्या दोन वर्षे दुखत होत्या. कुणी अशक्तपणा म्हटले, कुणी वात म्हटले, एका दवाखान्यात तीन वेळा सलाईन लावले. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तातले ड जीवनसत्त्व मोजायला लावले. आकडा आला सात. तो निदान वीस तरी असायला हवा. त्याच डॉक्टरांनी बरोबर आलेल्या तीन वर्षांच्या मुलीचे पाय पाहिले, मनगटे चाचपली आणि विचारले, "ही उन्हात खेळते का?"

मराठवाड्यात ऊन कमी पडल्याने माणूस आजारी पडतो, हे कुणाला सांगितले तर तो हसेल. आपल्याकडे पाणी कमी पडते, ऊन नाही. पण हा आजार खरा आहे आणि तो आपल्या घराघरांत शिरला आहे. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर उन्हाविषयी लिहीत आहे.

हाडांचे काम उन्हात कसे होते?

आपण खातो त्या भाकरीतला, तिळातला, दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून हाडात जावे लागते. ते काम ड जीवनसत्त्वाशिवाय नीट होत नाही. इतर जीवनसत्त्वे अन्नातून मिळतात. हे मात्र अन्नात फार थोडे असते. अंड्याचा पिवळा बलक, काळीज, काही तेलकट मासे, एवढ्यातच काय ते. बाकीचे आपली कातडीच तयार करते. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतल्या एका प्रकारचे किरण कातडीवर पडले की तिथल्या एका स्निग्ध पदार्थाचे रूपांतर सुरू होते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर संस्कार होतात आणि ते कामाला लागते.

हे किरण काचेतून येत नाहीत. म्हणून खिडकीच्या बंद काचेमागे उबेला बसून अंग तापेल, पण हाडांना काही मिळणार नाही. आपल्या जालन्यातला सळईच्या कारखान्यातला कामगार भट्टीसमोर दिवसभर भाजून निघतो. त्याला वाटते, आपल्याला उष्णता कमी आहे का? पण भट्टीची धग वेगळी आणि ऊन वेगळे. धगीत ते किरण नाहीत. रात्रपाळी करून दिवसा पत्र्याखाली झोपणाऱ्या माणसाच्या अंगाला महिनोन्महिने ऊन लागत नाही आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

ड जीवनसत्त्व कमी पडले तर लहान मुलांना मुडदूस होतो. मूल उशिरा चालते, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात किंवा गुडघे एकमेकांना घासतात, मनगटे जाड होतात, कपाळ पुढे येते. मोठ्या माणसांची हाडे वाकत नाहीत, पण मऊ पडतात. कंबर, मांड्या, बरगड्या ठणकतात. जिना चढताना, खाली बसून उठताना जीव जातो. लागोपाठ बाळंतपणे झालेल्या आणि घरातच राबणाऱ्या बायकांना हे जास्त होते. अशी बाई रडली तर घरातले म्हणतात, कामचुकार आहे.

नाशिकचे जुने निरीक्षण

आता शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. ती आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि जगभरच्या वैद्यकाच्या इतिहासात तिची नोंद आहे, तरी आपल्याला ती कुणी सांगितलेली नाही.

त्या काळी मुडदूस कशाने होतो यावर विलायतेत मोठा वाद चालू होता. १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टराने निरनिराळ्या देशांतली माहिती गोळा करून लिहिले होते की जिथे ऊन आहे तिथे मुडदूस नाही, आणि धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत तो घरोघर आहे. त्याचे फार कुणी ऐकले नाही. दोष आहाराचाच असे बहुतेकांचे मत होते. अशा वेळी नाशिक शहरात हचिसन नावाच्या डॉक्टराने पटेल आणि शहा या आपल्या सहकाऱ्यांच्या साथीने घरोघरची मुले तपासली. हे निरीक्षण १९२१ आणि १९२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात काय दिसले? पडदा पाळणाऱ्या सधन मुस्लिम आणि वरच्या जातीच्या हिंदू घरांत, जिथे दूधतूप होते, तिथल्या लेकरांना मुडदूस होता आणि वयात येताच घरात कोंडलेल्या मुलींची हाडे मऊ पडत होती. ज्यांना अर्धपोटी राहावे लागे, ज्यांच्या आया लेकरू पाठीशी बांधून शेतावर मजुरीला जात, त्या गरिबांच्या मुलांची हाडे मात्र सरळ होती. अन्न निकृष्ट आणि हाडे चांगली! फरक फक्त उन्हाचा.

साधारण त्याच सुमारास, १९१९ साली, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टराने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरे केले होते. त्याने एका मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले, तर दुसऱ्या हाताची हाडेही भरून आली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होते आणि ते रक्तातून सगळीकडे जाते, हे सिद्ध झाले.

हे नाशिक कोणते? २ मार्च १९३० रोजी जिथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे दगडधोंडे खाल्ले, तेच. आपल्या आज्या-पणज्यांना देवळाचे दार बंद होते, विहीर बंद होती, महाडला तळ्याचे पाणी बंद होते. एक ऊन तेवढे कुणाला अडवता आले नाही. माझे म्हणणे असे नाही की ते दिवस चांगले होते. उन्हात राबून त्या बायका तिशीत म्हाताऱ्या दिसत. पण विहाराच्या भिंतीशी बसलेली ही आजी खुरपणीला, काढणीला, पुढे रोजगार हमीच्या कामावर गेली, आणि तिच्या हाडांनी तिला आजवर सांभाळले. सुनेला ते भाग्य नाही. का?

एक कारण घराचे. गावातून शहरात आलो, दहा बाय बाराच्या खोलीत शिरलो. जुन्या जालन्याच्या गल्ल्या अरुंद. दोन्ही बाजूंनी माडी चढली की खाली दुपारीसुद्धा अंधार. अंगण गेले, ओसरी गेली. दुसरे कारण कामाचे. बिड्या वळणे, शिलाई, पापड, पाकिटे चिकटवणे, ही सगळी घरात बसून करायची कामे. पुरुषांचीही कारखाना, दुकान, कार्यालय.

तिसरे कारण मात्र आपल्या डोक्यातले आहे आणि त्यावर मला थोडे कडक बोलायचे आहे. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील." हे वाक्य आज बौद्ध घरांतही ऐकू येते. ज्या वर्णाच्या कल्पनेने आपल्याला माणसातून उठवले, तिचाच हा अंगाला चिकटलेला अवशेष नव्हे का? बाबासाहेबांची जयंती दणक्यात करायची आणि सून पाहायला गेलो की रंग पाहायचा! गोरेपणाच्या मलमावर महिन्याला जेवढे पैसे घरातून जातात तेवढ्यात रोजचे एक अंडे येते. आणि शास्त्र काय सांगते? सावळी कातडी हे उन्हापासूनचे संरक्षण आहे. तिच्यातले रंगद्रव्य कडक किरण अडवते, म्हणून गोऱ्या लोकांना होणारे कातडीचे कर्करोग आपल्यात पुष्कळ कमी आहेत. याची दुसरी बाजू अशी की आपल्याला ड जीवनसत्त्व तयार करायला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन घ्यावे लागते. म्हणजे ज्या मुलीला "आधीच सावळी आहे" म्हणून घरात ठेवता, तिलाच ऊन जास्त हवे आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. पुण्यात वस्तीतल्या लहानग्यांची पाहणी करून २०१० साली तिथल्या डॉक्टरांनी दाखवले की जी मुले रोज उन्हात खेळत होती ती बरी होती आणि घरातच राहणाऱ्या मुलांत ड जीवनसत्त्व कमी होते, मुडदूसही होता. दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूर-धुळीच्या भागातली मुले स्वच्छ हवेतल्या मुलांपेक्षा या बाबतीत कमी भरली, कारण धुराचा पडदा किरण अडवतो. 'जालना सोने का पालना' असे आपण अभिमानाने म्हणतो. कारखान्यांच्या धुराड्यांजवळच्या वस्त्यांतल्या पाळण्यांचाही विचार त्यात यावा.

सावली हेच घड्याळ

आपल्याकडे सांगतात, सकाळचे कोवळे ऊन घ्यावे. सात-साडेसातला बाळाला मालीश करून उन्हात धरतात. त्या उन्हाचे फायदे आहेतच. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे झोप-जागेचे चक्र ताळ्यावर येते, रात्री झोप लागते, मनाची मरगळ जाते. बाळंतिणीने आणि म्हाताऱ्या माणसांनी तो जरूर घ्यावा. पण हाडांना लागणारे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. सूर्य क्षितिजाजवळ असला की त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि नेमके कामाचे किरण वाटेतच गळतात. तिरुपतीच्या संशोधकांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी हे मोजून पाहिले. सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात ड जीवनसत्त्व सर्वांत जास्त तयार होते असे त्यांना आढळले.

मग घड्याळाकडे पाहत बसायचे का? गरज नाही. मोकळ्या जागी उभे राहा आणि स्वतःची सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हाने हाडांचे काम फारसे होणार नाही. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की काम सुरू झाले. हा हिशेब अक्षरओळख नसलेल्या माणसालाही जमतो.

जालन्यापुरते सांगायचे तर डिसेंबरच्या अखेरीस सावली उंचीपेक्षा आखूड राहते ती साधारण साडेअकरा ते सव्वा एक एवढाच वेळ. जानेवारीच्या शेवटी अकरा ते सव्वादोन. म्हणजे हिवाळ्यात ऊन घ्यायचे ते भर दुपारी, आणि तेव्हा ते सोसवतेही. मे महिन्यात मात्र सकाळी सव्वानऊलाच सावली आखूड होते. बुद्ध पौर्णिमेच्या मागेपुढे, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जालन्यात दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुलांना अंगणात काठी रोवून दाखवा. पण तुम्ही स्वतः त्या वेळी तिथे उन्ह खात बसू नका! उन्हाळ्यात सव्वानऊ ते दहा ही वेळ गाठावी आणि घरात यावे. पावसाळ्यात नियम एकच, ढग फाटले की बाहेर या.

किती वेळ? चेहरा झाकला तरी चालेल. हात कोपरापर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे ठेवून आपल्यासारख्या सावळ्या माणसाने हिवाळ्यात अर्धा तास, उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस. पाठ आणि खांदे उघडता आले तर आणखी बरे. कातडी चुरचुरू लागायच्या आत उठावे. तासन्‌तास बसून जास्त मिळत नाही. ठरावीक प्रमाणानंतर कातडी स्वतःच जादा तयार झालेला पदार्थ मोडून टाकते. म्हणून उन्हाने ड जीवनसत्त्व अति होत नाही. कातडी मात्र भाजते, अकाली सुरकुतते, डोळ्यांना त्रास होतो. सूर्याकडे थेट कधीही पाहू नये, ग्रहणातही नाही. ग्रहणाचे निघालेच म्हणून सांगतो, त्या दिवशी गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत कोंडण्याला काहीही आधार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी ते होऊ नये.

ज्यांच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग आहेत त्यांनी ते झाकावेत, ती कातडी लवकर भाजते. काही औषधांनी ऊन बाधते, तेव्हा गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे. अगदी लहान बाळाला कडक उन्हात ठेवू नये. पहिले वर्षभर बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण आईच्या दुधात ते कमी असते. नवजात बाळ पिवळे दिसले तर "उन्हात धरलं की उतरेल" म्हणून घरी थांबू नका. उजेडाने कावीळ उतरते हे खरे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफोर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिकेने बाळांना बागेत नेता नेता ते हेरले आणि त्यातूनच पुढे निळ्या दिव्याचा उपचार आला. पण किती पिवळे झाले आहे हे डोळ्यांनी ठरत नाही. उशीर झाला तर मेंदूला इजा होते. दवाखाना गाठावा.

आणि ज्यांचे ड जीवनसत्त्व फारच खाली गेले आहे त्यांना नुसते ऊन पुरत नाही, औषध लागते. डॉक्टर बहुधा आठवड्यातून एक, अशा साठ हजार युनिटच्या पुड्या काही आठवडे देतात. त्या संपल्या की थांबायचे. "बरं वाटतंय" म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून वर्षभर घेणारे लोक मी पाहिले आहेत. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडे बिघडतात. सोबत ताटात तीळ, नाचणी, दूध-दही, अंडी, सुकट-बोंबील असू द्या. चुनाच पोटात गेला नाही तर ड जीवनसत्त्व एकटे काय करणार?

बायकांनी बसायचे कुठे, हा मात्र खरा प्रश्न आहे. गल्लीत बसले तर येणारे-जाणारे. गच्ची असली तर ती मालकाची. मला वाटते, विहाराचे अंगण कशासाठी आहे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी नुसती झोपून घालवण्याची नव्हती, समाजाच्या कामाची होती. वंदनेनंतर तासभर माता-भगिनी आणि लेकरांसाठी अंगण मोकळे ठेवायला समितीला कुणाची परवानगी हवी आहे? अंगणवाडीच्या ताईंनाही विनंती की गाणी-गोष्टी दुपारच्या उन्हात, हिवाळ्यात तरी, बाहेर घ्याव्यात. जालन्यात २०२३ साली महानगरपालिका झाली. तिच्याकडे गटार-रस्त्यांबरोबर वस्तीत एक मोकळे मैदान मागा.

अंथरूण उन्हात घाला

ऊन फक्त हाडांसाठी नाही. क्षयाचे जंतू शोधून काढणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली सांगितले होते की थेट उन्हात हे जंतू मरतात. कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार शोधल्याबद्दल नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज क्षयाला चांगली औषधे आहेत, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि ती पूर्ण घ्यावीच लागतात. ऊन हा त्यांना पर्याय नाही. पण अंधाऱ्या, कोंदट, दहा माणसांच्या खोलीत खोकला फिरत राहतो हे आपण पाहतो. गोधड्या, उशा, सतरंज्या आठवड्यातून एकदा तारेवर टाका. कुबट वास जातो, ढेकूण निघतात.

आणि हे सांगणारे पहिले आपण नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंनी निवासस्थान कसे झाडावे याचे बारीक नियम आहेत. गादी, उशी, अंथरूण बाहेर काढावे, उन्हात वाळवावे, झटकावे आणि मग आत नेऊन जागच्या जागी ठेवावे, असे त्यात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघात हा धम्माच्या आचरणाचाच भाग होता. तिथे सूर्याला अर्घ्य देण्याची भाषा नाही. ऊन ही वापरायची गोष्ट आहे, पूजायची नव्हे.

उन्हाळ्याचे ऊन वेगळे

इथवर वाचून कुणी एप्रिलच्या दुपारी दोनला छाती उघडून बसेल तर त्याला माझी जबाबदारी नाही. मराठवाड्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा ऊन औषध राहत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला आलेली १४ माणसे उष्माघाताने गेली. मोकळ्या मैदानात, डोक्यावर छप्पर नसताना ती तासन्‌तास बसली होती. त्याच्या दोन दिवस आधी आपली भीमजयंती होती. आपल्याही मिरवणुका एप्रिलच्या उन्हातूनच निघतात. लेकरे, गरोदर बायका, म्हातारी माणसे त्यात असतात. डीजेच्या वर्गणीतून आधी मांडव, पाण्याचे टाके आणि मीठ-साखरेचे पाणी यांचे पैसे बाजूला काढावेत.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशातल्या कांद्याला फक्त तुमच्या घामाचा वास लागतो.

वीटभट्टीवर, इमारतीवर, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचे उत्तम पाणी. मुकादमाकडे सावली आणि पाणी मागणे ही भीक नाही. चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, डोके ठणकणे ही आधीची सूचना. तिथेच काम थांबवावे. माणूस बरळू लागला, अंग आगीसारखे तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओले गार फडके ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा. या आजारात मिनिटे मोजावी लागतात.

आणखी एक. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या मजुरांच्या मानेवर, हातांवर उन्हात काळपट सोलवटलेले चट्टे उठत. लोक म्हणत, ऊन बाधले. हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या घटकांशी त्याचा संबंध दाखवला. हा पेलाग्रा नावाचा, एका ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार होता. डाळ, शेंगदाणे, अंडी, मटण पोटात गेले की तो हटतो. ऊन तिथे फक्त दोष दाखवत होते. असे चट्टे आजही कुणाच्या अंगावर दिसले तर मलम लावण्याआधी त्याचे ताट पाहावे.

जानेवारीतल्या त्या रविवारनंतर दोन आठवड्यांनी मी पुन्हा तिकडे गेलो. सुनेच्या पुड्या सुरू होत्या. मुलीचे औषधही. डॉक्टर म्हणाले, तिची हाडे वाढत आहेत तोवर पाय बहुधा सरळ होतील, पट्ट्या लागणार नाहीत, पण जूनमध्ये पुन्हा दाखवा. आजीने नातीला भिंतीशी उभी केली होती आणि तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने रेघ ओढत होती. सून अजून पदर कपाळावर ओढूनच बसली होती, पण बसली होती उन्हात, आणि तिच्या शेजारी आणखी सहा-सात जणी. मोटारसायकली कुठे गेल्या म्हणून मी इकडेतिकडे पाहिले. बायकांनी वंदनेच्या आधीच पोरांना सांगून त्या उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत लावायला लावल्या होत्या.